संहितेची पुनर्मांडणी, स्प्रेडशीट आणि मॅक्रो : वाशीम परिसरातील ग्रंथपरंपरेच्या संदर्भात

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात झाल्याचे वर्णिले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता होता. ते काव्य आज उपलब्ध नाही. मात्र ‘गाथासप्तशती’तील काही गाथा त्याच्या नावावर सांगितल्या जातात. १९३९ साली वाशीम येथे सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात संस्कृत व प्राकृत या दोन्ही भाषा एकत्र नांदताना दिसतात. याच जिल्ह्यातील कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असून, ‘गुरुचरित्रा’च्या परंपरेत त्या गावाला मानाचे स्थान आहे. कारंज्याच्या जैन मंदिरांतील हस्तलिखित भांडारांमुळे अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला विसाव्या शतकात नवी दिशा मिळाली. ग्रंथांच्या दृष्टीने असा संपन्न असलेला हा प्रदेश १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला.

या ग्रंथपरंपरेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला प्रथम एका कष्टप्रद कामाला सामोरे जावे लागते. ते काम म्हणजे संहितेची पुनर्मांडणी. ओव्यांची सूची, शब्दांची सूची, पाठभेदांचा तक्ता, विशेषनामांची जंत्री ही सर्व एकाच संहितेची निरनिराळ्या क्रमांनी केलेली मांडणी होय. १९८० व १९९० या दशकांत वैयक्तिक संगणक महाविद्यालयांत पोहोचू लागले, तेव्हा हे काम करण्यासाठी खास मराठी साधन हाताशी नव्हते. हिशेबासाठी तयार झालेली स्प्रेडशीट आणि तिच्यातील मॅक्रो ही साधने या कामाला कशी जुंपता येतात, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि त्या मर्यादांमधून संहितेविषयी काय उमगते, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पुनर्मांडणीची मराठी परंपरा

संहितेची पुनर्मांडणी ही संगणकाने आणलेली कल्पना आहे, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः मराठी गद्याच्या आरंभकाळीच तिचे एक ठळक उदाहरण आढळते. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या लीळा प्रसंगांसह संकलित केल्या. पुढे केसोबासांनी त्या लीळांमधील चक्रधरांची वचने वेचून प्रकरणवार लावली आणि ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. प्रसंगाच्या क्रमाने असलेली संहिता विषयाच्या क्रमाने मांडली गेली. तत्त्वविचार एकत्र पाहण्याची सोय झाली खरी. परंतु वचन कोणाला, केव्हा आणि कशाच्या निमित्ताने सांगितले गेले, हे सूत्रातून दिसेनासे झाले. ही उणीव भरून काढण्यासाठी महानुभाव पंथात ‘प्रकरणवश’ हा भाष्यप्रकार निर्माण झाला. प्रत्येक सूत्रामागील प्रसंग सांगणे हे त्याचे कार्य.

या इतिहासातून एक नियम निष्पन्न होतो. संहितेचा क्रम बदलला की काही नवे दिसू लागते आणि काही जुने झाकले जाते. म्हणून जो क्रम बदलतो त्याने मूळ क्रमाकडे परतण्याची वाटही ठेवली पाहिजे. हा नियम चिठ्ठ्यांच्या पद्धतीला लागू होता आणि संगणकालाही तितकाच लागू आहे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राभोवती फिरते.

२. चिठ्ठी ते चौकट

कारंज्याच्या भांडारांची माहिती रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीतून (१९२६) अभ्यासकांसमोर आली. त्यानंतर कारंजा येथील जैन ग्रंथमालांत प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ (१९३१), तर हीरालाल जैन यांनी ‘सावयधम्मदोहा’ (१९३२), ‘णायकुमारचरिउ’ (१९३३), ‘पाहुडदोहा’ (१९३३) व ‘करकंडचरिउ’ (१९३४) हे ग्रंथ संपादित केले. अशा संपादनाबरोबर शब्दसूची देण्याची पद्धत त्या पिढीने रुजविली. सूची करण्याचा त्या काळचा मार्ग म्हणजे चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचे स्थळ आणि अर्थ लिहायचा. सर्व चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावायच्या. मग त्यांची नक्कल करायची. चिठ्ठी हरवली तर शब्द हरवला आणि चुकीच्या जागी गेली तरीही तो हरवल्यासारखाच.

यंत्राच्या साहाय्याने हे काम करण्याचा पहिला मोठा प्रयत्न युरोपात झाला. इटालियन जेझुइट अभ्यासक रोबेर्तो बुसा यांनी १९४९ साली आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळवून टॉमस अक्वायनसच्या ग्रंथांची पदसूची छिद्रपत्रांवर करण्यास प्रारंभ केला. छिद्रपत्र म्हणजे यंत्राला वाचता येणारी चिठ्ठीच होती.

१९७९ साली ॲपल-टू संगणकासाठी आलेल्या व्हिजिकॅल्कने आडव्या ओळी आणि उभे स्तंभ असलेला तक्ता पडद्यावर आणला. १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी लोटस १-२-३ आले आणि काही वर्षांतच ते हिशेबनिसांचे नित्याचे साधन झाले. एक्सेल प्रथम १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर अवतरले. या सर्व कार्यक्रमांची कल्पना हिशेबाच्या वहीवरून घेतलेली आहे. तथापि चौकटीत रकमेऐवजी ओवी लिहिली, तर ओळ म्हणजे चिठ्ठी होते आणि स्तंभ म्हणजे त्या चिठ्ठीवरील एकेक नोंद. फरक इतकाच, की ही चिठ्ठी कोणत्याही स्तंभाच्या आधाराने क्षणात दुसऱ्या क्रमाने लावता येते.

३. ‘गुरुचरित्र’ : एका संहितेचे माप

हे काम प्रत्यक्ष कसे चालते, हे पाहण्यासाठी सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’ सोयीचे उदाहरण ठरते. ग्रंथ ओवीबद्ध आहे; ओवीसंख्या सात हजारांच्या वर आहे; अध्यायसंख्या प्रतींनुसार ५१, ५२ किंवा अवतरणिकेसह ५३ अशी सांगितली जाते. प्रचलित आवृत्त्यांत नृसिंहसरस्वतींच्या कारंजा येथील जन्माची कथा अकराव्या अध्यायात येते.

लोटस १-२-३ च्या पहिल्या आवृत्तीत २,०४८ ओळी होत्या. १९८५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या ८,१९२ झाल्या. एका ओळीत एक ओवी लिहिली, तर ‘गुरुचरित्र’ या दुसऱ्या तक्त्यात ओळींच्या दृष्टीने मावते. नऊ हजारांच्या आसपास ओव्या असलेली ‘ज्ञानेश्वरी’ मावत नाही. एका चौकटीतील मजकुराची मर्यादा २४० वर्णसंकेतांची होती. ओवीला ती पुरेशी, पण ‘लीळाचरित्रा’तील एखाद्या दीर्घ लीळेला मुळीच नाही. म्हणजे हे साधन पद्याला अनुकूल आणि गद्याला प्रतिकूल होते.

ओळी पुरल्या तरी स्मृती पुरत नसे. डॉस प्रणालीत कार्यक्रमांना मिळणारी मूळ स्मृती ६४० किलोबाइट. एका ओवीत सत्तर-ऐंशी वर्णसंकेत धरले, तर सात हजारांहून अधिक ओव्यांना पाच लाखांहून अधिक बाइट लागतात. शिवाय डॉस आणि स्वतः लोटस यांनी जागा अडविलेली असते. विस्तारित स्मृतीचे जादा कार्ड नसेल, तर संपूर्ण ग्रंथ एका वेळी उघडणे अशक्य. यावर उपाय एकच : प्रत्येक अध्यायाची स्वतंत्र फाइल करणे, त्या त्या अध्यायाची सूची काढणे आणि शेवटी केवळ सूचींचे एकत्रीकरण करणे.

ओवीऐवजी शब्द हे एकक धरले, तर माप आणखी वाढते. ओवीमागे दहा शब्द धरले तरी सत्तर हजारांहून अधिक नोंदी होतात. एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीतील १६,३८४ ओळी त्यांना अपुऱ्या. १९९७ च्या आवृत्तीतील ६५,५३६ ओळीही अपुऱ्याच. २००७ पासून मिळालेल्या १०,४८,५७६ ओळींत मात्र अशी सूची सहज सामावते. जुन्या संगणकावर काम करणाऱ्याला म्हणूनच आधी ठरवावे लागे की कोणते शब्द सूचीत घ्यायचे आणि कोणते गाळायचे. यंत्राच्या अपुरेपणामुळे घडलेली ही निवड प्रत्यक्षात संपादकीय निवड होती आणि ती प्रस्तावनेत नोंदविणे अगत्याचे ठरते.

४. ओळींपासून ओवीकडे

संहिता बहुधा वर्डस्टारसारख्या लेखनकार्यक्रमात टंकित होत असे आणि नंतर तक्त्यात आणली जात असे. एका ओळीवर एक चरण असे टंकन केले असेल, तर तक्त्यातही एका ओळीत एक चरण येतो. चार ओळींची एक ओळ करणे ही पुनर्मांडणीची पहिली पायरी.

तिची युक्ती साध्या अंकगणितावर आधारलेली आहे. चरणांना १ पासून क्रमांक द्यावेत. क्रमांकातून एक वजा करून चारने भागले असता येणाऱ्या भागाकारात एक मिळविला, की ओवीचा क्रमांक मिळतो. बाकीत एक मिळविला, की चरणाचा क्रमांक मिळतो. सत्ताविसावा चरण घेतल्यास २६ ला ४ ने भागून भागाकार ६ व बाकी २ येते. म्हणजे तो सातव्या ओवीचा तिसरा चरण होय. एकदा हे दोन क्रमांक स्तंभांत आले, की चारही चरण एका ओळीत चार शेजारच्या चौकटींत आणण्याचे काम मॅक्रो करतो.

मॅक्रो म्हणजे कळफलकावरील क्रियांची लिहून ठेवलेली साखळी. खाली जा, चार चौकटी उचल, त्या आडव्या लाव, पुन्हा खाली जा, हे माणूस जे हाताने करील तेच तक्त्यातील एका कोपऱ्यात सूत्ररूपाने लिहिलेले असते आणि आल्ट कळीसह एक अक्षर दाबताच सुरू होते. लोटसच्या मॅक्रोत ठरावीक संख्येइतकी आवृत्ती करण्याची आज्ञाही होती. १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिकवर आधारित मॅक्रोभाषा आली, तेव्हा या साखळीला पूर्ण आज्ञावलीचे रूप मिळाले.

येथे एक धोका संभवतो. टंकनात एक चरण गळला, तर त्यापुढील प्रत्येक ओवी एका चरणाने सरकते आणि तक्ता तरीही निर्दोष दिसतो. म्हणून अध्यायाच्या शेवटी चरणसंख्या ओवीसंख्येच्या चौपट आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता कामा नये. त्याचप्रमाणे प्रत्येक ओवीला कायमचा स्थळक्रमांक द्यावा. अध्यायाला हजाराने गुणून त्यात ओवीक्रमांक मिळविण्याची पद्धत सोपी आहे. अकराव्या अध्यायातील पंचविसावी ओवी ११०२५ होते. पुढे कितीही वेळा क्रम बदलला, तरी या स्तंभावर पुन्हा क्रम लावताच ग्रंथ मूळ स्वरूपात उभा राहतो. ‘सूत्रपाठा’ला ‘प्रकरणवशा’ने जे दिले, ते तक्त्याला हा स्तंभ देतो.

५. वर्णानुक्रमाचा प्रश्न

मराठी संहितेच्या बाबतीत खरी अडचण येते ती वर्णानुक्रम लावताना. संगणक अक्षर ओळखत नाही; तो संकेतांक ओळखतो. म्हणून अक्षरांना कोणते संकेतांक दिले आहेत, यावर क्रम अवलंबून राहतो.

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने आयआयटी कानपूर येथे उगम पावलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे नेले. जिस्ट कार्ड बसविलेल्या संगणकावर डॉसवरील परिचित कार्यक्रमांत देवनागरी लिहिता येऊ लागली. त्यामागील इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. इस्कीत अनुस्वारादी चिन्हे, मग स्वर, मग व्यंजने, मग मात्रा आणि शेवटी हलन्त असा क्रम आहे. व्यंजनांचे संकेतांक मात्रांहून लहान असल्याने ‘कर’ हा शब्द ‘का’च्या आधी येतो, हलन्ताचा संकेतांक मात्रांहून मोठा असल्याने जोडाक्षरे बाराखडीनंतर येतात. हे मराठी कोशांच्या वळणाशी जुळते.

परंतु सर्वच जुळत नाही. इस्कीत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आणि ‘व’च्या आधी येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. परिणामी संगणक ‘काळ, काव्य, काशी’ असा क्रम लावतो आणि मराठी वाचकाला ‘काव्य, काशी, काळ’ असा क्रम अपेक्षित असतो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना ‘क’ व ‘ज’खाली द्यायचे की अखेरीस, अनुस्वार कोठे मानायचा, याविषयी कोशकारांची पद्धत एकसारखी नाही. यंत्राने हा निर्णय परस्पर घेऊ नये, अशी संपादकाची इच्छा असणारच.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे क्रमस्तंभ. प्रत्येक वर्णाला दोन अंकी क्रमांक द्यावा. उदाहरणार्थ अनुस्वार ०१, स्वरांना ११ पासून पुढील क्रमांक, ‘क’ २१ पासून ‘ह’ ५३ पर्यंत आणि त्यानंतर ‘ळ’ ५४, मात्रांमध्ये ‘ा’ ६१, ‘ि’ ६२, ‘ी’ ६३ याप्रमाणे, हलन्त ८०. आता ‘काव्य’ची किल्ली २१६१४९८०४६, ‘काशी’ची २१६१५०६३ आणि ‘काळ’ची २१६१५४ होते. डावीकडून अंक ताडून पाहताच मराठी क्रम सिद्ध होतो. ‘कारंजा’ची किल्ली २१६१४७०१२८६१ येईल. ही किल्ली संख्या म्हणून न लिहिता मजकूर म्हणून लिहावी लागते. अन्यथा आरंभीची शून्ये गळतात, लांब आकड्यांतील शेवटचे अंक नष्ट होतात आणि लहान-मोठ्या शब्दांची तुलना चुकते.

शब्दातील एकेक वर्ण उचलायचा, क्रमांकांच्या छोट्या तक्त्यात शोधायचा आणि मिळालेला अंक आधीच्या अंकांना जोडायचा, हे काम सूत्राने करू गेल्यास सूत्र अवाढव्य होते. मॅक्रो मात्र तेच पाऊल शब्दाच्या लांबीइतक्या वेळा टाकतो. शिवाय संपादकाला मत बदलावेसे वाटले, उदाहरणार्थ ‘क्ष’ अखेरीस न्यावासा वाटला, तर केवळ छोट्या तक्त्यातील अंक बदलून आणि ‘क्ष’ला एक वर्ण मानून मॅक्रो पुन्हा चालवावा लागतो. वर्णक्रमाविषयीचे संपादकाचे धोरण अशा रीतीने एका पानावर स्पष्टपणे लिहिलेले राहते.

६. अक्षररूप आणि वर्ण

१९९० च्या दशकात विंडोजबरोबर निराळाच पेच उद्भवला. छपाईसाठी लोकप्रिय झालेल्या अनेक मराठी टंकांत संकेतांक वर्णांना दिलेले नसून अक्षरांच्या आकृत्यांना दिलेले होते. अर्धा ‘स’, पूर्ण ‘स’, रफार, वेलांट्या या प्रत्येकीला स्वतंत्र अंक होता आणि साठवणीचा क्रम डोळ्यांना दिसणारा होता. पडद्यावर अक्षर सुंदर दिसे. क्रम लावताच मात्र विपर्यास होई.

वाशीम जिल्ह्यातील सहा तालुक्यांची नावे घेतली, तर मराठी क्रम ‘कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, मालेगाव, रिसोड, वाशीम’ असा होतो. आकृतिनिष्ठ टंकात ‘रिसोड’ची साठवण ऱ्हस्व वेलांटीपासून सुरू होते, कारण ती ‘र’च्या डावीकडे दिसते. संगणकाच्या दृष्टीने हे नाव ‘र’चे नसतेच, ऱ्हस्व इकाराने सुरू होणारे सर्व शब्द, मग ते ‘किरण’ असोत की ‘दिवस’, एकाच ठिकाणी गोळा होतात.

अशा फाइलींतील मजकूर वर्णक्रमात आणणे हीदेखील पुनर्मांडणीच होय. फक्त ती ओव्यांची नसून अक्षरांच्या अंतर्गत घटकांची असते. तिचे दोन मुख्य नियम आहेत. पहिला नियम ऱ्हस्व वेलांटीचा. ‘स्थिती’ या शब्दात वेलांटी, अर्धा ‘स’, पूर्ण ‘थ’ अशी साठवण असते. मॅक्रोने वेलांटी उचलून वाटेतील सर्व अर्धी व्यंजने ओलांडावीत आणि पहिल्या पूर्ण व्यंजनानंतर ठेवावी. केवळ एक घर सरकविली तर ‘कविता’ नीट होईल, ‘स्थिती’ बिघडेल. दुसरा नियम रफाराचा. ‘कीर्ती’त रफार शेवटच्या अक्षरानंतर साठविलेला असतो, त्याला उलट दिशेने मात्रा आणि संपूर्ण जोडाक्षर ओलांडून त्याच्या आधी न्यावे लागते. शिवाय आदलाबदल करताना लांब आकृतिसमूह आधी आणि सुटी आकृती नंतर घ्यावी. नाहीतर अर्धवट बदललेला मजकूर पुढच्या आज्ञेला ओळखू येत नाही.

मराठीला येथे आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द भिन्न आहेत. एकात गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. क्रमस्तंभात दोन्ही प्रकारच्या ‘र’ला एकच अंक देण्यास हरकत नाही, पण संहितेच्या स्तंभात हा भेद पुसला जाता कामा नये. क्रमाची सोय आणि संहितेची सत्यता या दोन गोष्टी दोन वेगळ्या स्तंभांत राहिल्या, की हा गोंधळ टळतो.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ मधील आराखड्यावर आधारित होती. आज मराठी लेखन युनिकोडमध्ये होते, त्यामुळे वेलांटीचा पेच नव्या मजकुरापुरता संपला आहे. मात्र जुन्या टंकांत केलेले प्रबंध, सूची आणि संहिता अद्याप तशाच आकृतिरूपात पडून आहेत. त्यांना वाचनीय ठेवण्याचा मार्ग वर सांगितलेल्या मॅक्रोंमधूनच जातो.

७. पुनर्मांडणीतून पाठचिकित्सा

सूची हे पुनर्मांडणीचे केवळ पहिले फळ आहे. तिचे खरे मोल पाठनिश्चितीत दिसते. त्याची दोन उदाहरणे येथे पुरेशी ठरावीत.

पहिले उदाहरण यमकाचे. ग्रंथिक ओवीत पहिले तीन चरण सयमक असतात आणि चौथा मोकळा असतो. चार चरण चार स्तंभांत आले, की पहिल्या तिन्ही चरणांच्या अंत्य अक्षरांच्या किल्ल्या काढून त्या परस्परांशी ताडता येतात. जेथे त्या जुळत नाहीत, त्या ओव्या एका खुणेने वेगळ्या काढता येतात. यमकभंग म्हणजे पाठ भ्रष्ट आहे, असे लगेच म्हणता येत नाही. कवीने शिथिल यमक योजलेले असेल किंवा जुन्या उच्चारात ते जुळत असेल. तथापि सात हजार ओव्यांतून नेमक्या कोणत्या ओव्या पोथीत पुन्हा पाहायच्या, हे ठरते. प्रत्येक पोथीसाठी हीच तपासणी केल्यास लेखनप्रमाद आणि कवीचे वळण यांतील सीमारेषा अधिक स्पष्ट होऊ शकते.

दुसरे उदाहरण ‘गाथासप्तशती’चे. जर्मन पंडित वेबर यांनी १८८१ साली लाइपझिग येथून या ग्रंथाची संपूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. निरनिराळ्या वाचनांतील गाथा एकत्र केल्या असता त्यांची संख्या ९६४ झाली आणि सर्व वाचनांत समान असलेल्या गाथा अवघ्या ४३० भरल्या. नावाने सातशे, संग्रहाने जवळजवळ हजार आणि एकमताने साडेचारशेहूनही कमी, अशी ही स्थिती. या ९६४ गाथांच्या ९६४ ओळी कराव्यात आणि प्रत्येक वाचनाला एक स्तंभ देऊन त्या वाचनातील गाथाक्रमांक तेथे लिहावा. गाथा नसेल तेथे चौकट रिकामी. आता कोणत्याही स्तंभावर क्रम लावला, की त्या वाचनाचा ग्रंथ उभा राहतो आणि शेजारच्या स्तंभांतील आकडे सरळ चढत जातात की विस्कटतात, हे दिसते. आकडे जेथे सलग चालतात, तेथे दोन वाचनांनी जुना क्रम समान राखला आहे. जेथे ते एकाएकी उडी घेतात, तेथे संग्राहकाचा हात फिरला आहे. कवीचे नाव हा आणखी एक स्तंभ केला, तर सर्वसेनाच्या नावावरील गाथा कोणत्या वाचनांत आहेत आणि कोणत्या नाहीत, हेही एका दृष्टिक्षेपात कळते. वत्सगुल्माच्या या कवीचे ‘हरिविजय’ लुप्त झाले असल्याने त्याच्या नावावरील प्रत्येक गाथेचा पुरावा किती जुना आहे, हा प्रश्न गौण मानता येत नाही. हजार ओळींच्या आतील हा तक्ता लोटसच्या पहिल्या आवृत्तीतही मावला असता.

८. यंत्राच्या कक्षेबाहेरचे

या पद्धतीच्या मर्यादा स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. मॅक्रो शब्द ओळखतो तो दोन रिक्त जागांमधील वर्णसमूह म्हणून. जुन्या पोथ्यांत मात्र शब्द तोडून लिहिण्याचा प्रघात नव्हता. ओळ सलग चालते. तेव्हा शब्द तोडणे हाच पहिला अर्थनिर्णय असतो आणि तो संहिता तक्त्यात येण्यापूर्वीच झालेला असतो. एखाद्या ओळीचे दोन प्रकारे पदविभाजन संभवत असेल, तर सूचीला त्याचा थांगपत्ता लागत नाही.

दुसरी मर्यादा रूपांची. प्राचीन मराठीत एकाच नामाची विभक्तिरूपे अनेक. ‘करंजनगर’, ‘करंजपुर’ आणि त्यांची सविभक्तिक रूपे सूचीत एकमेकांपासून दूर पडतात. यासाठी मूळ रूपाचा स्वतंत्र स्तंभ करावा लागतो आणि तो जाणकाराने हातानेच भरावा लागतो. शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांच्या प्राचीन मराठीच्या कोशाने (१९९९) या कामात मोठी सोय करून दिली असली, तरी संदर्भ पाहून रूप ठरविण्याची जबाबदारी संपादकाचीच राहते.

तिसरी मर्यादा साधनाच्या आयुष्याची. लोटसच्या फाइली, आकृतिनिष्ठ टंक आणि लवचीक तबकड्या ही सर्व वापरातून गेली. जुने कार्यक्रम नव्या संगणकावर चालविणारी अनुकरणप्रणाली उपलब्ध आहे; परंतु तबकडीवरील मजकूर वाचता आला तरच तिचा उपयोग. कागदावरची चिठ्ठी शंभर वर्षांनीही वाचता येते, तबकडीविषयी तसे म्हणता येत नाही. ज्या महाविद्यालयांत, ग्रंथालयांत वा अभ्यासकांच्या घरी अशा तबकड्या असतील, तेथील मजकूर साध्या मजकूर-फाइलीच्या स्वरूपात काढून घेणे, सोबत कोणता टंक वापरला होता त्याची नोंद ठेवणे आणि एक छापील प्रत जतन करणे, एवढे तरी विनाविलंब व्हावयास हवे. टंकाचे नाव हरवले, तर अंकांचे अक्षरांत रूपांतर करण्याची किल्लीच हरवते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. स्प्रेडशीट हे हिशेबाचे साधन असले, तरी ओवी, गाथा, दोहा अशा सुट्या एककांत विभागलेल्या संहितेला ते स्वभावतः अनुकूल आहे. मॅक्रोमुळे चरणांची जुळणी, वर्णानुक्रमाची किल्ली आणि टंकांतर ही कष्टाची कामे बिनचूक व पुनःपुन्हा करता येतात. मात्र क्रमाचे धोरण, पदविभाजन आणि मूळ रूप हे तीन निर्णय संपादकाचे आहेत. यंत्र ते केवळ पाळते. स्थळक्रमांकाचा स्तंभ, अस्पर्शित संहितेचा स्तंभ आणि क्रमकिल्लीचा स्तंभ हे तीन स्तंभ परस्परांपासून वेगळे ठेवले, तर संहितेला अपाय न होता तिची हवी तितकी पुनर्मांडणी होऊ शकते.

कारंज्याच्या भांडारांतील पोथ्यांनी एकेकाळी अपभ्रंशाच्या अभ्यासाला आधार दिला. त्या परिसरातील पोथ्या, ‘गुरुचरित्रा’च्या घरोघरीच्या प्रती आणि वत्सगुल्माशी निगडित प्राकृत सामग्री यांचे असे तक्ते करण्यासाठी मोठ्या संस्थेची वा महागड्या यंत्रणेची आवश्यकता नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातील साधा संगणक, पोथी वाचू शकणारा एक अभ्यासक आणि टंकनाची पोथीशी ओळीने ओळ ताडणी करण्याची सवय एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. त्यांतील तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे आणि सूचीची विश्वसनीयता तिच्यावरच अवलंबून आहे.